हात उठण्याआधी : आयसीयूतले डॉक्टर, नातेवाईक आणि गाव यांच्यासाठी

कंधार तालुक्यातला अत्यवस्थ रुग्ण आयसीयूपर्यंत पोचतो तो बहुधा दोन-तीन दारे ओलांडून. आधी गावातला डॉक्टर, मग कंधारचे ग्रामीण रुग्णालय, तिथून लोह्यामार्गे पन्नासेक किलोमीटरवरचे नांदेड. काही जण लातूर गाठतात. प्रत्येक ठिकाणी नातेवाइकांच्या कानावर एकच वाक्य पडते, "पुढं न्या." शेवटी रुग्ण आत जातो, दार बंद होते आणि बाहेर जिन्यावर, व्हरांड्यात, झाडाखाली माणसे बसून राहतात. आत काय चालले आहे हे त्यांना कुणी सांगत नाही, आणि सांगितले तरी ते कळेल असे सांगितले जात नाही. डॉक्टरांवर हात उठतो तो बहुधा याच दारात.

हा प्रश्न दूरचा नाही. जुलै २०२० मध्ये लातूरच्या एका खासगी रुग्णालयात कोविडने वृद्ध महिलेचा मृत्यू झाला आणि तिच्या नातेवाइकाने डॉक्टरवर चाकूने वार केले. त्याआधी मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला जमावाने इतके मारले की त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. त्यानंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोचले आणि सरकारने शासकीय रुग्णालयांसाठी ११०० सुरक्षारक्षक देण्याचे कबूल केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरातल्या ८ ते ३८ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीच्या काळात कधी ना कधी शारीरिक हिंसा सोसावी लागते.

आणि नांदेड. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी देशभर गेली. त्यात १२ नवजात बालके होती. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण, औषधांचा तुटवडा, रिक्त पदे असे गंभीर प्रश्न त्यातून पुढे आले आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील रुग्णालयात गेले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांना कॅमेऱ्यांसमोर शौचालय साफ करायला लावले. पाटील यांच्यावर गुन्हा दाखल झाला. त्या चित्रफितीने औषधाची एक बाटलीही वाढली नाही. डॉक्टर हा लोकांसमोर अपमान करण्याजोगा माणूस आहे, एवढाच धडा मात्र गावोगावच्या मोबाईलवर पोचला. व्यवस्थेवरचा राग समोर दिसणाऱ्या माणसावर काढणे, हेच या हिंसेचे मूळ आहे.

त्यामुळे या लेखाचे म्हणणे दोन गोष्टींचे आहे. माहिती नियमित, समजेल अशी आणि एकाच तोंडून मिळाली तर बरीच भांडणे हात उठण्याआधीच मिटतात. आणि एकदा हात उठला की तडजोड करायची नाही, कायदा वापरायचा. पहिली गोष्ट डॉक्टर आणि नातेवाईक दोघांची जबाबदारी आहे. दुसरी रुग्णालय, पोलीस आणि गावाची.

आयसीयूतच भडका का उडतो

आयसीयूतल्या काही गोष्टी बाहेरच्या माणसाला फसवणुकीसारख्या दिसतात. डॉक्टरांनी त्या आधीच सांगितल्या तर निम्मा संशय तिथेच संपतो.

आपल्या भागात फवारणीचे औषध पोटात गेलेले रुग्ण नेहमी येतात. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या विषावर अॅट्रोपिन द्यावे लागते. त्याने तोंड कोरडे पडते, बाहुल्या मोठ्या होतात, रुग्ण बरळतो, नळ्या उपसायला बघतो. म्हणून कधी हात बांधावे लागतात. नातेवाइकाने काचेतून बांधलेले हात पाहिले की "आमच्या पोराला जनावरासारखं बांधलं" असा बोभाटा होतो. त्याहून घातक क्षण पुढे असतो. पहिल्या दिवशी सुधारलेला, बोलू लागलेला रुग्ण साधारण एक ते चार दिवसांच्या दरम्यान पुन्हा ढासळू शकतो. मान उचलता येत नाही, श्वासाचे स्नायू थकतात आणि व्हेंटिलेटर लावावा लागतो. हा विषाचाच पुढचा टप्पा आहे. पण नातेवाइकांना दिसते ते एवढेच, की काल बोलत होता आणि आज मशीनवर गेला, म्हणजे रात्री कुणीतरी काहीतरी चुकवले. म्हणून दाखल करतानाच सांगा : "आज बरा दिसला तरी पुढचे चार दिवस धोका आहे. मान उचलता येते का ते आम्ही बघत राहणार. श्वास कमी पडला तर मशीन लावू."

मण्यार चावल्यावरही असेच घडते. जागेवर ना फारशी सूज, ना वेदना. रात्री झोपेत चावते, सकाळी पापण्या जड होतात आणि मग श्वास बंद पडू लागतो. सर्पविषावरची लस दिली म्हणजे रुग्ण लगेच उठून बसेल, असे घरच्यांना वाटते. पण नसांवर बसलेला विषाचा परिणाम ओसरायला वेळ लागतो आणि तोवर श्वास मशीननेच द्यावा लागतो, हे सांगितले नाही तर प्रत्येक तास संशयाचा होतो.

वेळेआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बाळाचेही तसेच. रंग गुलाबी आहे, हातपाय हलतात, मग मशीन कशाला, हा आजीचा प्रश्न रास्त असतो. फुप्फुसे पुरती तयार नसतात आणि जंतुसंसर्गाची भीती सगळ्यात मोठी असते. हे बाळाच्या आईलाही सांगायला हवे. पुष्कळदा सगळे तिच्या सासरच्यांना कळते आणि तिला शेवटी.

आणि सर्वांत खोल संशय म्हणजे, "माणूस कवाच गेला, बिलासाठी मशीनवर ठेवलाय." मशीन फक्त हवा ढकलते, म्हणून छाती हलताना दिसते. हृदय थांबल्यावर हे मशीन माणसाला जिवंत ठेवू शकत नाही आणि काही तासांतच शरीर थंड व ताठ होते. मृत्यू घोषित करताना घरातल्या एका जाणत्या माणसाला आत घ्या. हृदयाच्या आलेखाची सरळ रेष दाखवा, त्या कागदावर वेळ घाला आणि तो केसपेपरला जोडा. शंकेला तिथे जागा राहत नाही.

डॉक्टरांसाठी : पहिल्या तासातली बैठक

रुग्ण आत गेल्यावर, उपचार सुरू होताच, कुणीतरी बाहेर येऊन बसून बोलायला हवे. उभ्याने, चालता चालता, दार अर्धे उघडून सांगितलेले मनात राहत नाही. या बैठकीत चार गोष्टी सांगायच्या : आजार काय, धोका किती, आम्ही काय करणार आणि खर्च किती येऊ शकतो.

घरच्यांकडून एक प्रतिनिधी ठरवून घ्या, रात्रीसाठी दुसरा. दोघांची नावे आणि मोबाईल नंबर केसपेपरवर हवेत. येईल त्या प्रत्येक पाहुण्याला वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळे सांगितले की घरातच दोन तट पडतात आणि त्याचे खापर डॉक्टरवर फुटते.

भाषेकडे लक्ष द्या. कंधार-लोहा-मुखेड पट्ट्यात तांड्यावरची गोरमाटी बोलणारी कुटुंबे आहेत, दखनी उर्दू बोलणारी आहेत, सीमेकडून तेलुगू बोलणारे येतात. संमतिपत्रावर अंगठा घेण्याआधी त्या भाषेतला कर्मचारी किंवा घरातला शिकलेला मुलगा जवळ बसवा आणि काय समजले ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. "कळलं का?" असे विचारले तर माणूस मान डोलावतोच. "घरी फोन करून काय सांगाल ते मला सांगा," असे म्हटले की खरे कळते.

काही वाक्ये कायमची टाळायला हवीत. "काही होणार नाही" हे आश्वासन उद्या तुमच्यावरच उलटते. "आता देवाच्या हातात" म्हटले की डॉक्टरने हात टेकले असा अर्थ निघतो. "आणायला उशीर केलात" हे वाक्य सर्वांत वाईट. ते नातेवाइकाला अपराधी ठरवते आणि अपराधाचे ओझे माणूस दुसऱ्या कुणावर तरी टाकतो. "कंधारलाच नीट बघितलं नाही" असे म्हणणारा नांदेडचा डॉक्टर तर आपल्या सहकाऱ्याच्या अंगावर जमाव पाठवत असतो. आधीच्या उपचारांवर शंका असेल तर ती केसपेपरवर तांत्रिक भाषेत नोंदवा आणि त्या डॉक्टरशी फोनवर बोला, व्हरांड्यात नको.

ग्रामीण रुग्णालयातून रुग्ण पुढे पाठवतानाही हीच काळजी हवी. रेफर चिठ्ठीवर रुग्ण आला ती वेळ, तेव्हाची नाडी-रक्तदाब, दिलेली औषधे व त्यांच्या वेळा आणि पाठवण्याचे कारण लिहा. १०८ ची रुग्णवाहिका बोलावली असेल तर ती बोलावल्याची वेळही. पुढच्या रुग्णालयाला फोन करून खाट आहे का ते विचारा. "तिकडं गेला की वाचतो" असे बोलून पाठवू नका. "इथं श्वासाचं मशीन नाही, तिथं आहे. वाटेतही धोका आहे," एवढे खरे पुरेसे आहे.

रोजची ठरलेली वेळ

सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, शक्यतो वरिष्ठ डॉक्टरने प्रतिनिधीला परिस्थिती सांगावी. सुधारणा नसली तरी सांगावी. "कालच्यासारखंच आहे" हीही माहिती आहे. त्याच्या दोन ओळी मराठीत नोंदवहीत लिहून प्रतिनिधीची सही घ्यावी. ही नोंद पुढे कोर्टात उपयोगी पडते, पण तिचा खरा उपयोग त्या रात्रीच होतो. अचानक आलेल्या पाहुण्याला घरचाच माणूस सांगू शकतो की डॉक्टरांनी आपल्याला सगळे सांगितले होते.

पैशाचे बोलणे वेगळे ठेवा. रोजचा हिशेब रोज द्या. मृत्यूची बातमी आणि बिलाची रक्कम एकाच बोलण्यात, एकाच माणसाकडून कधीही येऊ नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणारा आजार असेल तर पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राकडे पाठवा. नांदेड जिल्हा या योजनेत २०१२ च्या पहिल्या टप्प्यापासून आहे, तरी शिधापत्रिका घरी राहिली म्हणून दोन दिवस रोख भरणारे लोक आजही भेटतात.

वाईट बातमी सांगताना

मृत्यूची बातमी दारात उभे राहून सांगू नये आणि शिकाऊ डॉक्टरला एकट्याने सांगायला लावू नये. वरिष्ठ डॉक्टर, एक परिचारिका आणि शक्य असल्यास समाजसेवा अधीक्षक असे सोबत असावेत. खोलीत घरचे दोघे-चौघेच घ्या, बसवा, पाणी ठेवा. आधी विचारा, "आतापर्यंत तुम्हाला काय सांगितलंय?" मग एक वाक्य तयारीचे : "बातमी चांगली नाही." मग स्पष्ट शब्द : "आम्ही प्रयत्न केले, पण तुमच्या वडिलांचा मृत्यू झाला." 'कोलॅप्स झाले', 'रिस्पॉन्स नाही' असे शब्द वापरले की घरच्यांना अजून आशा वाटते आणि अर्ध्या तासाने खरे कळल्यावर ती फसवणूक वाटते.

त्यानंतर गप्प राहा. रडू द्या. कुणी ओरडले तर त्याच क्षणी वैद्यकीय खुलासा करू नका. दुःखाने ओरडणारा माणूस आणि धमकी देणारा माणूस यांत फरक आहे. पहिल्याला वेळ द्यायचा, दुसऱ्यापासून अंतर राखायचे.

हृदय थांबून छाती दाबणे सुरू असेल तर तेव्हाच एकाला बाहेर पाठवून कळवा. प्रयत्न चालू असतानाच घरच्यांना ते कळलेले असले की नंतरचा शब्द पटतो.

विषबाधा, सर्पदंश, जळणे, अपघात यांत पोलिसांना कळवणे, पंचनामा आणि शवविच्छेदन येते. "बॉडी कवा देता?" या प्रश्नावरून मोठी भांडणे होतात. ही रुग्णालयाची मर्जी नाही, कायदेशीर प्रक्रिया आहे, हे मृत्यूच्या बातमीनंतर थोड्या वेळाने शांतपणे सांगा. केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये सूर्यास्तानंतरच्या शवविच्छेदनाला परवानगी दिली, पण आत्महत्या किंवा घातपाताचा संशय अशी प्रकरणे सर्वसाधारणपणे त्यातून वगळली. म्हणजे रात्री दहाला विषबाधेचा रुग्ण गेला तर सकाळपर्यंत थांबावे लागू शकते. हे तेव्हाच सांगितले तर गावाकडून येणारी जीप तरी वेळेवर थांबवता येते.

रुग्णालयाची तयारी

आयसीयूला एकच प्रवेशदार, तिथे सुरक्षारक्षक आणि पास. एका रुग्णामागे आत एक, बाहेर एक. बोलण्याच्या खोलीला शक्यतो दोन दारे असावीत, डॉक्टरची खुर्ची दाराजवळ असावी आणि हाताशी येतील अशा जड वस्तू नसाव्यात. परिचारिकेच्या टेबलाखाली धोक्याच्या घंटेचे बटण, कॅमेरे दार आणि व्हरांडा दोन्हीकडे आणि त्यांचे रेकॉर्डिंग दुसऱ्या खोलीत. रात्री शिकाऊ डॉक्टर एकटा नसावा. महिला डॉक्टर व परिचारिकांची विश्रांतीची खोली आतून बंद होणारी आणि विभागाजवळच असावी. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवर असलेल्या पदव्युत्तर डॉक्टर तरुणीवर अत्याचार करून तिचा खून झाला. त्यानंतर ही गोष्ट पुढच्या अंदाजपत्रकावर ढकलण्याचा अधिकार कोणत्याही व्यवस्थापनाला उरलेला नाही.

धोक्याची चिन्हे सगळ्यांना, सफाई करणाऱ्या मावशींनासुद्धा, शिकवून ठेवा. बाहेरची गर्दी अचानक वाढणे, मोबाईलवर चित्रण सुरू होणे, दारूचा वास, तेच प्रश्न चढ्या आवाजात पुन्हा पुन्हा येणे. आणि एक चिन्ह हमखास : आतापर्यंत कधीच न दिसलेला, आत्ताच गाडीतून उतरलेला पाहुणा. त्याने ना पहिल्या दिवशीचे ऐकलेले असते, ना कालचे. लांब राहिल्याची टोचणीही त्याला असते. त्याला टाळू नका. प्रतिनिधीसोबत बसवून सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगा.

आवाज वाढला तर आपला आवाज खाली आणा, हात मोकळे आणि दिसतील असे ठेवा, दोन हातांचे अंतर ठेवा, दाराकडे पाठ राहू द्या. "शांत व्हा" म्हणू नका. "तुमचा राग समजतोय, बसून बोलू," असे म्हणा. वाद घालू नका आणि खोटे कबूलही करू नका. धमकी आली किंवा कुणी वस्तू उचलली की बोलणे संपले. तिथून निघा, घंटा वाजवा, ११२ ला फोन करा. तेव्हा आत व्हेंटिलेटरवर दुसरे रुग्ण असतात. त्यांच्यापाशी कोण थांबणार आणि आतले दार कोण लावणार, हे आधीच नावानिशी ठरलेले असावे. जमाव एका डॉक्टरवर धावतो, पण ऑक्सिजनची नळी शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची निखळते.

हल्ला झाल्यावर

महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे. वैद्यकीय सेवा देणाऱ्या व्यक्ती आणि संस्था यांच्यावरील हिंसक कृत्यांना व मालमत्तेच्या नुकसानीला प्रतिबंध करणारा हा अधिनियम सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांना, डॉक्टरांसह परिचारिका, विद्यार्थी व इतर कर्मचाऱ्यांना लागू होतो. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. यंत्रसामग्री फोडल्यास खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. सरकारी डॉक्टर लोकसेवक असल्यामुळे भारतीय न्याय संहितेची १२१ आणि १३२ ही कलमेही लागू शकतात.

हे कायदे कागदावर राहतात कारण तक्रार डॉक्टरने एकट्याने द्यायची अशी रीत पडली आहे. जखमी, घाबरलेला, उद्या त्याच गावात राहायचे असलेला माणूस ठाण्यात जायला कचरतो. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने १६ ऑगस्ट २०२४ च्या आदेशात केंद्राच्या रुग्णालयांना सांगितले की घटनेनंतर जास्तीत जास्त ६ तासांत संस्थेनेच गुन्हा नोंदवावा आणि ती जबाबदारी संस्थाप्रमुखाची. हाच नियम आपल्या प्रत्येक रुग्णालयाने, वीस खाटांच्या दवाखान्यानेसुद्धा, स्वतःला लावून घ्यावा.

क्रम असा ठेवा. आधी जखमींवर उपचार आणि जखमेचे प्रमाणपत्र. मग कॅमेऱ्यांचे चित्रण काढून दोन प्रतींत जपणे, हजर असलेल्यांची नावे लिहिणे, फुटलेल्या वस्तूंचे फोटो व खरेदीची बिले गोळा करणे. नंतर संस्थाप्रमुखाच्या सहीने फिर्याद, त्यात २०१० च्या कायद्याचा स्पष्ट उल्लेख. ठाणे अंमलदाराने हा कायदा लावला नाही तर प्रत दाखवून आग्रह धरा. नोंदच घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते. हद्दीचा वाद काढला तर कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो.

त्या रुग्णाचे कागद त्याच रात्री पूर्ण आणि खरे लिहा. मागाहून खाडाखोड केली तर हल्ल्याचा बळी असूनही तुम्ही आरोपी ठरता. मार खाल्लेल्या डॉक्टरला दुसऱ्या दिवशी ड्युटीवर उभे करू नका. सुट्टी द्या, सोबत द्या, मानसोपचार तज्ज्ञाची भेट घडवा. आणि आठवड्याभरात सगळ्यांनी बसून विचारा : भांडण सुरू होण्याआधी आपल्याकडून काय सांगायचे राहिले होते?

नातेवाइकांसाठी

तुमचा माणूस आत आहे आणि तुम्हाला प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. तो वापरा. घरातून एक जण नेमा आणि बाकीच्यांना त्याच्याकडूनच विचारायला लावा. एक वही ठेवा. डॉक्टर भेटले की चार प्रश्न : कालपेक्षा बरे की वाईट, आज काय करणार, कशाची भीती आहे, खर्च किती होईल. उत्तर तारीख-वेळेसह लिहा. कंधारच्या रुग्णालयातली रेफर चिठ्ठी, आधीच्या तपासण्या, चालू गोळ्या, शिधापत्रिका व आधार कार्ड सोबत ठेवा. विषाचा डबा मिळाला तर तोही न्या. त्यावरचे नाव वाचून उपचार ठरतो. रुग्णाने विष स्वतः घेतले असेल तर लपवू नका.

जन आरोग्य योजनेची माहिती १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर मिळते. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. खासगी रुग्णालयांसाठीच्या २०२१ च्या राज्य नियमांतही हे स्पष्ट आहे. लेखी मागितल्यापासून ७२ तासांत रुग्णाची कागदपत्रे देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे.

हलगर्जीपणा झाला असे खरोखर वाटत असेल तर गप्प बसू नका, पण हातही उगारू नका. मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असेल तर शवविच्छेदनाची मागणी करा. तोच तुमचा सर्वांत मोठा पुरावा. मग पायऱ्या अशा : सरकारी रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक किंवा अधिष्ठाता, जिल्हा पातळीवर जिल्हा शल्यचिकित्सक, डॉक्टरच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषद, खासगी रुग्णालयाकडून भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. फौजदारी तक्रारही करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितल्याप्रमाणे अशा तक्रारीत आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घेतले जाते. या वाटा लांबच्या आहेत, पण त्यांवर तुमची बाजू टिकते. काच फोडली की त्याच क्षणी तुम्ही फिर्यादी न राहता आरोपी होता आणि तुमची खरी तक्रारही त्या काचेखाली गाडली जाते.

गाव, पुढारी आणि पोलीस

रुग्णालयात पोचणाऱ्या जीपमध्ये कुणी ना कुणी जाणता असतो : सरपंच, पोलीस पाटील, माजी सैनिक, गुरुजी. त्याने जमाव बाहेर थांबवून दोघांना आत न्यावे आणि तिथे ऐकलेले बाहेर येऊन जसेच्या तसे सांगावे. त्याने एवढे केले तरी पुष्कळ अनर्थ टळतात. पुढाऱ्यांनी औषधे, खाटा, रिक्त पदे यांचा जाब विधानसभेत, जिल्हा नियोजनाच्या बैठकीत आणि मंत्रालयात विचारावा. पगारी डॉक्टरच्या कॉलरला हात घालून तो जाब कुणालाच विचारला जात नाही. अर्धवट चित्रफिती पुढे पाठवू नयेत. पोलीस ठाण्याने तालुक्यातल्या रुग्णालयांची, तिथल्या रात्रीच्या ड्युटीच्या क्रमांकांची यादी ठेवावी आणि ठरलेल्या वेळी फेरी मारावी.

कंधारसारख्या तालुक्यात तज्ज्ञ डॉक्टर टिकत नाहीत, ही सगळ्यांची जुनी तक्रार आहे. पगार, घर, मुलांची शाळा ही कारणे आहेतच. भीती हे त्यांतले असे एक कारण आहे, जे सरकारची वाट न पाहता आपण स्वतः कमी करू शकतो. मार खाल्लेला डॉक्टर शहर सोडतो किंवा अवघड रुग्ण घ्यायचे सोडतो. दारातूनच "नांदेडला न्या" म्हणू लागतो. मग पुढच्या वेळी सर्पदंश झालेले पोर त्या पन्नास किलोमीटरच्या वाटेतच जाते.

म्हणून वाचकहो, आजच तीन कामे करा. डॉक्टर असाल तर नातेवाइकांना भेटण्याची वेळ दारावर मराठीत लिहून लावा आणि ती पाळा. रुग्णालय चालवत असाल तर सहा तासांत फिर्याद कोण देणार त्याचे नाव ठरवून ठेवा. आणि तुमच्या घरचे कुणी आयसीयूत असेल तर विचारा, लिहून घ्या, तक्रार करा; पण दुसऱ्या कुणाच्या माणसाला वाचवत असलेल्या हातांवर हात टाकू नका, आणि कुणी टाकत असेल तर मध्ये उभे राहा.